सांगून टाकलं, सांगून ठेवलं, सांगून बसलो : इंग्रजी फ्रेजल व्हर्ब मराठी कानाने कशी शिकावीत

‘मी त्याला सांगितलं’ हे साधं वाक्य घ्या. आता ‘सांगून टाकलं’ म्हणा, मनावरचं ओझं उतरल्याचं कळतं. ‘सांगून ठेवलं’ म्हणजे पुढे उपयोगी पडेल म्हणून आधीच कानावर घातलं. ‘सांगून पाहिलं’ म्हणजे ऐकेल अशी खात्री नव्हती, तरी प्रयत्न केला. आणि ‘सांगून बसलो’ म्हणजे आता पस्तावतोय. सांगण्याची क्रिया तीच, पण मागून आलेल्या एका शब्दाने अख्खा अर्थ फिरला. शिवाय ‘सांगून बसलो’ म्हणणारा माणूस उभाही असू शकतो. बसण्याचा मूळ अर्थ त्यात उरलेलाच नाही. सात-आठ वर्षांचं मूलही हे चुकत नाही, आणि त्याला कोणी यादी पाठ करायला दिलेली नसते.

इंग्रजीतली फ्रेजल व्हर्ब हा याच जातीचा प्रकार आहे. साधं, रोजचं क्रियापद घ्यायचं, उदाहरणार्थ ‘गिव्ह’, ‘टेक’, ‘पुट’, ‘गेट’ किंवा ‘टर्न’. त्याच्यामागे ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’, ‘डाउन’ यांपैकी एखादा छोटा शब्द लावायचा, की नवं क्रियापद तयार. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे किंवा हार मानणे. ‘टर्न’ म्हणजे वळणे, ‘टर्न डाउन’ म्हणजे नाकारणे.

मी इंग्रजी संभाषण शिकवते. शिकायला येणाऱ्या बहुतेकांच्या वहीत फ्रेजल व्हर्बची एबीसीडीच्या क्रमाने उतरवलेली यादी असते. ‘ब्रेक डाउन’, ‘ब्रेक इन’, ‘ब्रेक आउट’, ‘ब्रेक अप’ असं एकाखाली एक, आणि समोर एकेक मराठी शब्द. ही यादी कोणाच्याही डोक्यात राहत नाही आणि त्यात शिकणाऱ्याचा काडीचाही दोष नाही. चार भावंडं एकाच कपड्यात उभी केली तर परक्याला नावं लक्षात राहतील कशी? म्हणून माझं सांगणं असं की यादी मोडून टाका आणि मागच्या छोट्या शब्दाला धरून शिका. अर्थ वळवण्याचं काम तोच करतो.

हे तत्त्व आपल्याला नवीन नाही. संस्कृत शिकलेल्यांना तो जुना दाखला आठवेल. उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे ओढून नेतो, जसे प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. धातू एकच, पण मारणं, खाणं, नाश करणं, फिरणं आणि दूर करणं असे पाच रस्ते फुटले. इंग्रजीत तो उपसर्ग पुढे न लागता मागे लागतो आणि सुटा लिहिला जातो, एवढाच फरक मनात धरा. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली लंडनमध्ये आपला मोठा इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी या शब्दप्रकाराची वेगळी नोंद घेतली आणि परकीयांना सर्वांत जास्त अडचण इथेच येते असं लिहून ठेवलं. तेव्हा अडखळणारे तुम्ही पहिले नाही.

पायरी पहिली : काय पाठ करायचं नाही ते ठरवा

फ्रेजल व्हर्बचे ढोबळ तीन ढीग करा. पहिल्या ढिगात दोन्ही शब्दांचे अर्थ जसेच्या तसे शाबूत असतात, जसं ‘सिट डाउन’, ‘कम इन’, ‘गो बॅक’, ‘टेक अवे’. खाली बसा, आत या, परत जा, घेऊन जा. यांच्यावर वेळ घालवू नका.

दुसऱ्या ढिगात क्रियापदाचा अर्थ तोच राहतो आणि छोटा शब्द त्याला जोर किंवा पूर्तता देतो. ‘ईट’ म्हणजे खाणे, ‘ईट अप’ म्हणजे ताटात काही न ठेवता खाऊन टाकणे. ‘टेअर’ म्हणजे फाडणे, ‘टेअर अप’ म्हणजे फाडून तुकडे करून टाकणे. हे अंदाजाने कळतं, फक्त बोलताना वापरायची सवय लागत नाही.

तिसऱ्या ढिगात अर्थ पार बदललेला असतो. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे, ‘टेक आफ्टर’ म्हणजे आईवडिलांवर जाणे, ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे. मेहनत इथे घ्यायची. यादीत हे तीनही ढीग एकत्र कालवलेले असतात, म्हणून ती आहे त्यापेक्षा मोठी आणि भीतिदायक दिसते.

पायरी दुसरी : छोट्या शब्दाचं चित्र पकडा

इथे सगळ्यात जास्त दिवस द्या. आठवड्याला एक शब्द घेतला तरी चालेल.

‘अप’पासून सुरुवात करू. मूळ चित्र वर जाण्याचं. वर जाणं म्हणजे वाढणं, म्हणून ‘स्पीक अप’ म्हणजे जरा मोठ्याने बोला, ‘टर्न अप द व्हॉल्यूम’ म्हणजे आवाज वाढव, ‘ग्रो अप’ म्हणजे लहानाचं मोठं होणं. भांडं भरत भरत काठापर्यंत आलं की काम पुरं झालं, म्हणून ‘अप’ला पूर्ततेचा अर्थ चिकटला. ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणे, ‘क्लीन अप’ म्हणजे सगळं स्वच्छ करून टाकणे, ‘फिल अप’ म्हणजे काठोकाठ भरणे. तिसरं, जे खाली दडलेलं होतं ते वर आलं की नजरेस पडतं. म्हणून ‘टर्न अप’ किंवा ‘शो अप’ म्हणजे हजर होणे, उगवणे. ‘समथिंग हॅज कम अप’ म्हणजे अचानक काहीतरी निघालंय, मला येता येणार नाही. ‘कम अप विथ’ म्हणजे युक्ती किंवा उत्तर सुचणे. वाढ, पूर्तता आणि प्रकट होणं ही तीन चित्रं हाताशी ठेवलीत तर ‘अप’ची निम्म्याहून जास्त क्रियापदं आपोआप उलगडतात. ‘गिव्ह अप’सारखी थोडी उरतात, ती तशीच लक्षात ठेवायची.

‘आउट’ मराठी माणसाला सर्वांत सोपा जावा, कारण आपल्याकडे त्याचा जुळा भाऊ आहे. तो म्हणजे ‘काढणे’. ‘फाइंड आउट’ म्हणजे शोधून काढणे. ‘पिक आउट’ म्हणजे निवडून काढणे. ‘वर्क आउट द कॉस्ट’ म्हणजे खर्चाचा हिशेब काढणे. आतलं बाहेर आलं की कळलं, हे चित्र दोन्ही भाषांत तंतोतंत आहे. ‘फिगर आउट’ म्हणजे विचार करून उकल काढणे आणि ‘पॉइंट आउट’ म्हणजे नेमकं दाखवून देणे, हीही त्याच घरातली. दुसरं चित्र आतलं सगळं बाहेर पडून रितं होण्याचं. ‘वी हॅव रन आउट ऑफ गॅस’ म्हणजे गॅस संपला. ‘सोल्ड आउट’ म्हणजे सगळी तिकिटं खपली. ‘वेअर आउट’ म्हणजे वापरून झिजणे, आणि माणसाच्या बाबतीत थकून जाणे. दिवा विझणं हेही संपणंच, म्हणून ‘द कँडल वेंट आउट’, आणि मुद्दाम विझवली तर ‘पुट आउट’.

‘ऑफ’ म्हणजे चिकटलेलं सुटणं. ‘टेक ऑफ युअर शूज’ म्हणजे बूट काढा. विमान जमिनीपासून सुटतं तेही ‘टेक ऑफ’, आणि प्रवासाला निघणं म्हणजे ‘सेट ऑफ’. ठरलेल्या दिवसापासून काम सुटलं आणि पुढे गेलं तर ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकललं. पारच सुटलं तर ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द केलं. या दोघांत फार जणांची गल्लत होते. शिवाय ‘ऑफ’मध्ये एकदाचं मोकळं होण्याचा भाव आहे, आणि तिथे आपलं ‘टाकणे’ चपखल बसतं. ‘पे ऑफ द लोन’ म्हणजे कर्ज फेडून टाकणे, ‘सेल ऑफ’ म्हणजे विकून टाकणे, ‘फिनिश ऑफ’ म्हणजे संपवून टाकणे.

‘ऑफ’बाबत एक सावधगिरी. ‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे दिवे गेले. पण ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे गजर बंद पडला असं नाही, गजर वाजला! दाबून ठेवलेलं अचानक सुटलं, आपण ‘बार उडाला’ म्हणतो तसं. बॉम्ब फुटतो तोही ‘गोज ऑफ’. ब्रिटनमध्ये ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’ म्हणतात तेव्हा दूध नासलेलं असतं. ही तीन वाक्यं एकाखाली एक लिहून ठेवा.

‘डाउन’ म्हणजे खाली, कमी, शांत आणि शेवटी बंद. ‘स्लो डाउन’, ‘काम डाउन’ (शांत हो), ‘कट डाउन ऑन शुगर’, ‘शट डाउन’. ‘द कार ब्रोक डाउन’ म्हणजे गाडी बंद पडली, आणि माणूस ‘ब्रोक डाउन’ झाला म्हणजे त्याला रडू कोसळलं. मराठीतही रडू ‘कोसळतं’, खाली पडण्याचं चित्र तेच. ‘लेट डाउन’ म्हणजे ज्याने भरवसा ठेवला त्याला तोंडघशी पाडणे. कागदावर उतरवणं हेही खालीच, म्हणून ‘राइट डाउन’ म्हणजे लिहून ठेवणे.

घर आगीत गेलं तर ‘बर्न डाउन’ म्हणतात आणि कागदपत्रं जळून गेली तर ‘बर्न अप’. घर कोसळून जमिनीला मिळालं, कागद जळून संपले. छोटे शब्द मनाला येतील तसे चिकटलेले नाहीत हे या जोडीवरून पटतं. दरवेळी चित्र सापडेलच असं नाही, पण शोधायची खोड लागली की लक्षात राहणं वाढतं.

बाकीचे भराभर घेऊ. ‘अवे’ म्हणजे दूर. ‘थ्रो अवे’ फेकून देणे, ‘गिव्ह अवे’ देऊन टाकणे, ‘पुट अवे’ आवरून जागच्या जागी ठेवणे. ‘पास अवे’ म्हणजे निधन होणे, आपणही ‘आजोबा गेले’ असंच म्हणतो. ‘बॅक’ म्हणजे परत, त्यात अवघड काही नाही. ‘ऑन’ म्हणजे चालू राहणे. ‘कॅरी ऑन’ आणि ‘गो ऑन’ म्हणजे चालू द्या, ‘कीप ऑन टॉकिंग’ म्हणजे बोलत राहणे. अंगावर येणं हेही ‘ऑन’, म्हणून ‘पुट ऑन’ म्हणजे कपडे घालणे आणि दुकानात ‘ट्राय ऑन’ म्हणजे घालून पाहणे. ‘ओव्हर’मध्ये एकदा वरून नजर फिरवण्याचा भाव आहे. ‘थिंक इट ओव्हर’ म्हणजे विचार करून पाहा, ‘टॉक इट ओव्हर’ म्हणजे आपसात बोलून घ्या. ‘थ्रू’ म्हणजे आरपार. फोन लागला तर ‘आय गॉट थ्रू’, ऑपरेटरने जोडून दिला तर ‘शी पुट मी थ्रू’, कठीण काळातून जाणं म्हणजे ‘गो थ्रू’.

पायरी तिसरी : काळ बदलला की काय बदलतं

फक्त क्रियापद बदलतं, छोटा शब्द कधीच नाही. ‘गिव्ह अप’चं ‘गेव्ह अप’ आणि ‘गिव्हन अप’. ‘ब्रेक डाउन’चं ‘ब्रोक डाउन’. हे माहीत असूनही संगणकाशी संबंधित शब्दांत चूक होते, कारण ते शब्द मराठीत नाम म्हणून घट्ट बसलेत. लॉगिन, बॅकअप, चेकआउट, सेटअप, फॉलोअप. मग ‘आय बॅकअप्ड माय फोटोज’ असं तोंडातून जातं. बरोबर रूप ‘आय बॅक्ड अप माय फोटोज’. ‘वी चेक्ड आउट ॲट टेन’, ‘आय हॅव लॉग्ड इन’.

नाम आणि क्रियापद यांचा उच्चारही वेगळा. नाम असेल तर जोर पहिल्या भागावर आणि शब्द सहसा जोडून किंवा मधे आडवी रेघ देऊन लिहितात. क्रियापद असेल तर जोर मागच्या छोट्या शब्दावर जातो आणि दोन शब्द सुटे राहतात. ‘मेकअप’ हे नाम आणि ‘दे मेड अप’ हे क्रियापद मोठ्याने म्हणून पाहा, जोर सरकलेला ऐकू येईल.

पायरी चौथी : ‘इट’ कुठे बसवायचं

दिवा बंद करायला सांगताना ‘टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ दोन्ही बरोबर. पण दिव्याऐवजी ‘इट’ आलं की ते मधेच बसलं पाहिजे. ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ म्हटलं की इंग्रजी कानाला फार खटकतं. तसंच ‘पिक मी अप’, ‘कॉल हिम बॅक’, ‘थ्रो देम अवे’. मी, यू, हिम, हर, इट, अस, देम यांतला शब्द आला की मधे, असा नियम अंगी बाणवा.

काही जोड्या मात्र फुटत नाहीत. ‘लुक आफ्टर हर’ म्हणजे तिची काळजी घे, ‘लुक फॉर इट’ म्हणजे ते शोध, ‘रन इंटू समवन’ म्हणजे अचानक गाठ पडणे. ‘लुक हर आफ्टर’ असं होत नाही. ओळखायचं कसं? बहुतेक वेळा चालणारी खूण अशी की मागचा शब्द ‘आफ्टर’, ‘फॉर’, ‘ॲट’, ‘विथ’, ‘इंटू’ यांपैकी असेल तर जोडी फुटत नाही. ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’, ‘डाउन’, ‘अवे’, ‘बॅक’ असेल आणि क्रियेला कर्म असेल, तर सहसा फुटते. जोराचीही मदत होते. फुटणाऱ्या जोडीत छोटा शब्द ठसक्याने उच्चारला जातो, न फुटणारीत साधारणपणे क्रियापद.

‘ओव्हर’ आणि ‘थ्रू’ दोन्हीकडे दिसतात, त्यांना खूण लागू पडत नाही. ‘टॉक इट ओव्हर’ फुटतं, पण ‘गेट ओव्हर इट’ फुटत नाही. हे वाक्यासकट ऐकून ठेवावं लागतं, दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.

तीन शब्दांची असतात ती जवळजवळ कधीच फुटत नाहीत. ‘पुट अप विथ’, ‘रन आउट ऑफ’, ‘कीप अप विथ’, ‘लुक डाउन ऑन’, ‘गेट अवे विथ’. यातलं ‘लुक फॉरवर्ड टू’ पत्रात फार लागतं आणि फार चुकतं. तिथे ‘लुक फॉरवर्ड टू मीट यू’ असं लिहू नका, ‘लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’ लिहा. हा ‘टू’ क्रियापदाचा नाही, आपल्या ‘कडे’सारखा आहे. भेटण्याकडे डोळे लावून बसलोय.

पायरी पाचवी : एका जोडीचे चार अर्थ

इथे शिकणारे धीर सोडतात. ‘टेक ऑफ’ म्हणजे विमान उडणं, बूट काढणं, दोन दिवस रजा घेणं आणि धंद्याने जोर धरणं. ‘पिक अप’ म्हणजे उचलणं, स्टेशनवरून कोणाला घेऊन येणं आणि भाषा कानावर पडून शिकणं. ‘मेक अप’ म्हणजे गोष्ट रचून सांगणं आणि भांडणानंतर समेट करणंही. ‘वर्क आउट’ म्हणजे व्यायाम करणं, हिशेब काढणं आणि ‘इट डिडन्ट वर्क आउट’ असेल तर जमलं नाही.

आता आपल्या ‘लागणे’कडे पाहा. भूक लागते, ठेच लागते, फोन लागतो, नोकरी लागते, आग लागते, वेळ लागतो, वाईट लागतं, विहिरीला पाणी लागतं, दहावीचा निकाल लागतो. हे सगळे अर्थ तुम्ही गोंधळ न होता वापरता, कारण ‘लागणे’ तुम्हाला कधी एकटं भेटलंच नाही. ते भुकेसोबत किंवा निकालासोबत भेटलं. फ्रेजल व्हर्बलाही तशीच सोबत द्या. वहीत नुसतं ‘टेक ऑफ’ लिहू नका. ‘द प्लेन टुक ऑफ’, ‘टेक ऑफ युअर शूज’, ‘आय टुक मंडे ऑफ’ अशी तीन वेगळी वाक्यं तीन वेगळ्या दिवशी लिहा. एका दिवशी एकच अर्थ. मी हे कटाक्षाने पाळायला लावते आणि फरक पडतो.

पायरी सहावी : कुठे वापरायचं, कुठे नाही

‘पुट ऑफ’ आणि ‘पोस्टपोन’, ‘पुट आउट’ आणि ‘एक्स्टिंग्विश’, ‘पुट अप विथ’ आणि ‘टॉलरेट’, ‘फाइंड आउट’ आणि ‘डिस्कव्हर’. अशा जोड्या इंग्रजीत भरपूर आहेत आणि त्यामागे इतिहास आहे. १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीहून आलेल्या राज्यकर्त्यांनी इंग्लंड जिंकलं. दरबार आणि कायदा यांची भाषा पुढे कित्येक पिढ्या फ्रेंच राहिली आणि विद्येची लॅटिन. त्या वाटेने आलेले शब्द भारदस्त ठरले, तर स्वयंपाकघरात, शेतावर आणि अंगणात जुने जर्मानिक, म्हणजे इंग्रजीच्या मूळ कुळातले शब्द चालत राहिले. फ्रेजल व्हर्बमधली क्रियापदं बहुतेक या दुसऱ्या घरातली. आपल्याकडे ‘प्रारंभ’ आणि ‘सुरुवात’, किंवा ‘भोजन’ आणि ‘जेवण’ यांत जसं अंतर आहे तसंच हे.

आपण इंग्रजी शिकलो ते पाठ्यपुस्तकातून आणि अर्जातून. म्हणून भारदस्त शब्द आपल्याला येतात आणि घरगुती येत नाहीत. ‘आय कॅनॉट टॉलरेट धिस नॉइज’ बरोबर आहे, पण शेजाऱ्याशी बोलताना ते ‘हा ध्वनी मला असह्य होत आहे’ असं वाटतं. उलट न्यायालयाला, विद्यापीठाला किंवा वरिष्ठांना औपचारिक पत्र लिहिताना ‘पोस्टपोन’च शोभतं. संशोधन निबंधातही फ्रेजल व्हर्ब जपून वापरा. बोलणं, मित्राला निरोप आणि कार्यालयातल्या सहकाऱ्याला साधी मेल एवढं त्यांचं हक्काचं रान.

परदेशी रुग्णालयात कामाला जाणाऱ्या आपल्या परिचारिकांना याची गरज सर्वांत जास्त. पुस्तकात उलटीला ‘व्हॉमिट’ असतं, पण रुग्ण सांगतो ‘आय थ्रू अप ट्वाइस’ (‘थ्रो अप’चा भूतकाळ). चक्कर येऊन शुद्ध हरपली तर ‘आय पास्ड आउट’. अंगावर पुरळ उठलं तर ‘आय ब्रोक आउट इन अ रॅश’. आजारी पडण्याची लक्षणं दिसू लागली तर ‘आय थिंक आय ॲम कमिंग डाउन विथ समथिंग’. औषधाचा अंमल उतरू लागला तर ‘द पेनकिलर इज वेअरिंग ऑफ’. अशा ठिकाणी न समजणं महागात पडतं, म्हणून ही पाच वाक्यं आधी पक्की करा.

पायरी सातवी : आपल्याकडच्या सवयी

आपण कॉलेज संपवलं की ‘आय पास्ड आउट इन २०१५’ म्हणतो. भारतात सगळ्यांना समजतं. ब्रिटिश सैनिकी प्रशिक्षणातही हा अर्थ आहे, आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतल्या संचलनाला ‘पासिंग आउट परेड’ म्हणतात ते त्यामुळेच. पण सैन्याबाहेरच्या ब्रिटिश किंवा अमेरिकी माणसाला त्याचा अर्थ ‘मी बेशुद्ध पडलो’ असा लागतो. तिथे ‘आय ग्रॅज्युएटेड’ म्हणा.

‘कोप अप विथ’ हे ‘कीप अप विथ’च्या चालीवर आपण बनवलेलं रूप. प्रमाण इंग्रजीत नुसतं ‘कोप विथ’. ‘रिटर्न बॅक’मधलं ‘बॅक’ जास्तीचं, कारण परतण्यात ‘परत’ आहेच. फॉर्म भरायला आपण ‘फिल अप’ म्हणतो, आज ब्रिटनमध्ये ‘फिल इन’ आणि अमेरिकेत ‘फिल आउट’ रूढ आहे. टाकी भरायची तर ‘फिल अप’. ‘ऑन द फॅन’, ‘ऑफ द लाइट’ हे मराठीतल्या ‘पंखा ऑन कर’ची सावली आहे, इंग्रजीत ‘टर्न ऑन’ किंवा ‘स्विच ऑन’ हवंच. सरकारी कचेरीत फाइल ‘पुट अप’ करतात म्हणजे सादर करतात, पण बाहेर ‘पुट समवन अप’ म्हणजे रात्रीपुरता कोणाला घरी उतरवून घेणं.

यातली बरीचशी रूपं आपल्या आपल्यात बोलताना ठीक चालतात, त्यांना हसणं मला आवडत नाही. ऐकणारा कोण आहे हे ओळखून शब्द निवडायचा, इतकंच.

पायरी आठवी : वही, कान आणि रोजचा सराव

वहीचं एक पान एका छोट्या शब्दाला द्या. वर ‘आउट’ लिहा, शेजारी त्याचं चित्र रेघांनी काढा. एका डब्यातून बाहेर जाणारा बाण पुरतो. त्या आठवड्यात कुठेही ‘आउट’वालं क्रियापद भेटलं की पूर्ण वाक्य त्या पानावर उतरवा आणि खाली आपल्या घरातलं मराठी वाक्य लिहा. ‘शोधणे’ असा कोशातला एकटा शब्द नको. ‘चावी शेवटी बाबांनीच शोधून काढली’ असं हवं. आठवड्याला आठ-दहा नोंदी झाल्या तरी पुष्कळ.

ऐकण्यासाठी क्रिकेटचं इंग्रजी समालोचन ही माझी आवडती शाळा. खेळ डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे अर्थ विचारावा लागत नाही. ‘दे सॉ ऑफ द न्यू बॉल’ ऐकलं की मराठी क्रीडापानावरचं ‘नवा चेंडू खेळून काढला’ आठवा. ‘चेस्ड डाउन द टार्गेट’ म्हणजे पाठलाग करून लक्ष्य गाठलं. ‘गिव्हिंग अवे एक्स्ट्राज’ म्हणजे अवांतर धावा देऊन टाकणं. मात्र ‘रन आउट’ म्हणजे धावचीत, त्याचा गॅस संपण्याशी संबंध नाही.

आता खालची वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत म्हणून पाहा आणि मगच पुढचं वाचा. तो अगदी आईवर गेलाय. लग्न पुढे ढकललंय, मोडलेलं नाही. गाडी घाटात बंद पडली. फॉर्म भरा आणि उद्या आणून द्या. मालवणी मी शेजाऱ्यांकडून ऐकून ऐकून शिकले. तिचं नि माझं छान जमतं. नोकरी चालून आली होती, पण तिने ती नाकारली.

‘ही टेक्स आफ्टर हिज मदर.’ ‘द वेडिंग हॅज बीन पुट ऑफ, नॉट कॉल्ड ऑफ.’ ‘द कार ब्रोक डाउन इन द घाट.’ ‘फिल इन द फॉर्म अँड हँड इट इन टुमॉरो.’ ‘आय पिक्ड अप मालवणी फ्रॉम द नेबर्स.’ ‘शी अँड आय गेट ऑन वेल.’ ‘शी वॉज ऑफर्ड अ जॉब, बट शी टर्न्ड इट डाउन.’

चौथ्या आणि शेवटच्या वाक्यात ‘इट’ तुम्ही कुठे ठेवलंत ते पुन्हा एकदा तपासा. तिथे चुकलं असेल तर चौथ्या पायरीवर परत जा आणि ‘टर्न इट ऑफ’, ‘टर्न इट डाउन’, ‘हँड इट इन’, ‘थिंक इट ओव्हर’ ही चार रूपं आठवडाभर रोज दहा वेळा मोठ्याने म्हणा.